पेटीवरचा पंखा

सानगडीत आनंदराव रामटेक्यांच्या घरी जायचं म्हणजे आधी फोन जमा करावा लागे. घर साधंच, विहाराच्या मागच्या गल्लीतलं. पुढे ओटा, ओट्यावर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. पण दाराच्या डाव्या अंगाला भिंतीवर एक लाकडी पेटी ठोकलेली होती. तिला दहा खण, खणांवर आकडे, आणि प्रत्येक खणात खिळ्याला अडकवलेलं पत्र्याचं गोल टोकन. फोन खणात ठेवायचा, टोकन खिशात घालायचं आणि मग आत यायचं. दूधवाला असो, पाहुणा असो, लग्नाची पत्रिका घेऊन आलेला सोयरा असो, सुटका कोणाचीच नव्हती. एका सोयऱ्याने तर रागाने पत्रिकाच खणात ठेवली आणि फोन घेऊन तो आल्यापावली परत गेला. ही गोष्ट गावात अजून सांगतात आणि दर वेळी त्या सोयऱ्याचं गाव बदलतं.

पेटीच्या झाकणावर पिवळ्या रंगावर काळं चिन्ह काढलेलं होतं. मध्ये एक ठिपका आणि त्याच्या भोवती तीन पाती. खाली आनंदरावांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'सावधान, रेडिएशन'. गावातल्या बाया त्या चिन्हाला पेटीवरचा पंखा म्हणत.

आनंदराव जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले. छत्तीस वर्षं नोकरी, तीही दारूगोळ्याच्या कामाची. गावाकडे मात्र पूर्ण शब्द म्हणायला कोणाला सवड नव्हती, सगळे 'दारूची फॅक्टरी' म्हणत. त्यावरून त्यांचं लग्नच मोडायला आलं होतं. लाखनीकडच्या तुळसाचं स्थळ आलं तेव्हा तिच्या बापाने 'पोरगा दारूच्या फॅक्टरीत आहे' एवढंच ऐकलं आणि नकाराची मान हलवली. त्याचा सख्खा भाऊ दारूपायी गेला होता. शेवटी आनंदराव स्वतः सायकल मारत लाखनीला गेले आणि होणाऱ्या सासऱ्यासमोर हात जोडून म्हणाले, "मामाजी, ते प्याची दारू नाई, उडवाची दारू हाये." सासरा घटकाभर बघत राहिला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. तुळसाबाई ही गोष्ट पुढे प्रत्येक लग्नात सांगायच्या. "नाव येक, चीज दुसरी," असं शेवटी म्हणायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या.

फॅक्टरीने आनंदरावांना पगार दिला, क्वार्टर दिलं आणि एक स्वभाव दिला. गेटवर माचीस, बिडी आणि पुढे पुढे मोबाईल, सगळं जमा करून टोकन घ्यायचं. कामाच्या जागी शिरण्याआधी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज जमिनीत उतरते. सुटी झाल्यावर एखादी वस्तू खणात उरली तर तिचा माणूस अजून आत आहे असं समजायचं आणि त्याला शोधायला जायचं. छत्तीस वर्षं हे केल्यावर माणूस घरी आला तरी त्याचा हात दाराच्या चौकटीला लागतोच. आनंदरावांचा लागायचा. तुळसाबाई म्हणायच्या, "अजी, घर नाई उडत आपलं. या आत."

रिटायर होऊन गावी आले आणि त्यांचं ऐकणारं कोणी उरलं नाही. फॅक्टरीत त्यांच्या एका शब्दावर पंचवीस माणसं जागच्या जागी थांबत. गावात ते 'जय भीम' म्हणाले तर लोक फोनवरून मान वर न करता 'जय भीम' म्हणत. हे त्यांना फार लागलं. मग त्यांनी फोनचाच अभ्यास सुरू केला. वर्तमानपत्रातली कात्रणं जमवली, भाचीकडून कुठली कुठली पानं छापून आणली. फोनवर चांदणी, जाळी, शून्य, सात, जाळी दाबलं की त्या फोनचं किरणांचं माप दिसतं, ते एक पूर्णांक सहा दशांशाच्या आत असावं, हे त्यांना कळलं. मग विचारूच नका. चौकात, पिठाच्या गिरणीवर, आठवडी बाजारात मिरच्यांच्या ढिगाशी उभे राहून त्यांनी अर्ध्या गावाचे फोन मोजून दिले. पौर्णिमेला विहारात वंदना झाली की ते उठून उभे राहत आणि लोक चपला शोधायला लागत.

ते काय सांगत? फोन उशाशी घेऊन झोपू नका. रेंजची एकच काडी असेल तेव्हा बोलू नका, तेव्हा फोन जास्त जोर लावतो. लांबलचक बोलायचं तर वायर कानाला लावा. शर्टाच्या वरच्या खिशात फोन नको. आणि बायांनी पोलक्यात तर मुळीच नको. यातलं बरंचसं शहाणपणाचं होतं, तीच मोठी अडचण झाली. अर्धं खरं बोलणाऱ्या माणसाला कोणी थांबवत नाही.

पंख्याचं चिन्ह त्यांनी भंडाऱ्याच्या दवाखान्यात एक्सरेच्या खोलीच्या दारावर पाहिलं होतं. फोनसाठी ते नाही, हे त्यांना तेव्हाच आतून ठाऊक होतं. सुरक्षेचे बोर्ड रंगवून घेण्यात ज्याची बारा वर्षं गेली, त्याला चिन्ह कळत नाही असं कोण म्हणेल? पण ते दिसायला जबरदस्त होतं. लोक ते पाहून थबकत. आनंदरावांना लोक थबकलेले हवे होते.

या सगळ्यात तुळसाबाईंचा फोन पहिल्या खणात असायचा. टोकन नंबर एक त्यांचं. निदान आनंदराव घरी असताना तरी.

घरची दीड एकर धानाची जमीन तलावाखाली होती आणि रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत तुळसाबाई बायांबरोबर चिखलात उतरायच्या. नवऱ्याला पेन्शन असली तरी बांधीत उतरल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. मुलगी दीपमाला लग्न होऊन नागपूरला होती, एका शाळेत शिकवायची. तिला दुपारच्या सुटीत वीस मिनिटं मिळत आणि त्यात ती आईला फोन करायची. घोटाभर चिखलात वाकलेल्या बाईने फोन ठेवायचा कुठे? लुगड्याला खिसा नसतो. बांधावर ठेवला तर वाजलेला ऐकू येत नाही. सगळ्या बाया ठेवायच्या तिथेच तुळसाबाईंनी ठेवला. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात, डाव्या बाजूला. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी आल्यावर तो काढायचा, पदराने पुसायचा आणि पेटीत ठेवायचा. पाच वर्षं हे चाललं आणि फॅक्टरीच्या गेटवर माचीस पकडणाऱ्या आनंदरावांना त्याचा पत्ता लागला नाही.

मागच्या वर्षीच्या फाल्गुनात आशा सेविका शकुनबाई कुठल्याशा सर्व्हेला घरी आल्या. नियमाप्रमाणे त्यांनी फोन पेटीत ठेवला, आत गेल्या आणि पाहिलं तर तुळसाबाई पाण्याचा गुंड एका हाताने ओढत होत्या. डावा हात अंगाला चिकटलेला होता.

"काय वं तुळसाबाई, हात काहून लपवून राहिली?"

"काई नाई. लचकला."

शकुनबाईंनी दार लोटलं आणि हात लावून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच तुळसाबाईंना साकोलीला नेलं. तिथून भंडारा, तिथून नागपूर. स्तनात लिंबाएवढी गाठ होती. आनंदरावांना हे दोन दिवसांनी कळलं, तेही शकुनबाईंकडून.

आता त्यांनी पहिला प्रश्न काय विचारावा? 'दुखते का' नाही, 'डॉक्टर काय म्हणाले' नाही. ते म्हणाले, "फोन कुठं ठेवत होती तू?"

तुळसाबाईंनी खाली पाहिलं. तेवढं उत्तर त्यांना पुरलं.

ते चिडले नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. पहिली सलाइनवाली औषधं सुरू झाली, तुळसाबाईंचे केस गेले आणि त्या डोक्याला रुमाल बांधून वैशाखी पौर्णिमेला विहारात येऊन बसल्या. वंदना संपल्यावर आनंदराव उठले. "पाच वर्षापासून सांगून राहिलो. कोनी आयकलं नाई. माया घरच्याच मानसानं आयकलं नाई. आता पाहा." त्या दिवशी कोणी चपला शोधल्या नाहीत. सगळ्या बाया तुळसाबाईंकडे वळून बघत होत्या आणि दोन-तीन जणींचे हात नकळत आपल्या पोलक्याकडे गेले. आनंदरावांना वाटलं, आपलं म्हणणं आज पटलं. माणूस असा आंधळा होतो. शेजारी बसलेल्या बायकोने रुमालाचं टोक डोळ्यांवर ओढून घेतलं, तेही त्यांनी पाहिलं नाही.

पावसाळा औषधांत गेला. दिवाळीच्या आधी ऑपरेशन झालं, डाव्या बाजूचा स्तन काढून टाकावा लागला. जखम भरल्यावर डॉक्टरीणबाईंनी आनंदरावांना आणि दीपमालाला आत बोलावलं. तुळसाबाई तेव्हा ड्रेसिंगला गेल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता रेडिएशन द्यावं लागेल. पंधरा वेळा. तेवढं झालं तरच ऑपरेशनचा उपयोग. याला उशीर नको."

आनंदरावांनी घसा साफ केला. गेले कित्येक महिने हा एक प्रश्न ते खिशात घेऊन हिंडत होते. "मॅडम, हे फोनमुळंच झालं ना?"

आणि इथे त्यांच्याविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढे ती त्यांनी स्वतःच कबूल केली. ते विचारताना त्यांच्या मनात होतं की उत्तर 'हो' यावं.

"नाही काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फोनमुळे हे होतं असं सिद्ध झालेलं नाही. फोन अंगापासून लांब ठेवता, ठेवा, चांगली सवय आहे. पण काकूंना कशामुळे झालं हे मी सांगू शकत नाही, कोणीच सांगू शकणार नाही. मला तुम्ही हे सांगा, गाठ एवढी होईपर्यंत का थांबलात? काकू म्हणतात गेल्या वर्षीच्या रोवण्यात हाताला लागली होती. म्हणजे इथे येईपर्यंत आठ महिने गेले. तेव्हाच आणलं असतं तर कदाचित एवढं कापावं लागलं नसतं."

आनंदराव उठले, बाहेर आले आणि हे उत्तर त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

दीपमालाला दुसरीच काळजी होती. "बाबा, आईसमोर रेडिएशन शब्द काढू नका. तुमीच पाच वर्षं तिच्या डोक्यात भरून ठेवलं हाये. इथं सगळे त्याले शेक म्हनतात. आपनही शेकच म्हनू."

आयुष्यात कधी खोटी सही न केलेल्या माणसाने मान हलवली. तुळसाबाईंना सांगितलं, शेक घ्यायचा आहे. त्या म्हणाल्या, "शेकासाठी नागपूरले कायले पायजे? घरी तवा नाई का?" पण त्या तयार झाल्या. गुडघ्याला त्या रोजच शेक द्यायच्या, शेकाची त्यांना भीती नव्हती.

पहिल्या दिवशी तिघं दवाखान्याच्या तळमजल्यावर गेली. लांब बोळ, बाकांवर बसलेली माणसं आणि शेवटी एक जाड दार. तुळसाबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या, पंधरा-वीस पावलं चालल्या आणि दारापाशी थांबल्या. दारावर पिवळ्या रंगावर काळं चिन्ह होतं. मध्ये ठिपका आणि भोवती तीन पाती.

त्यांनी वळून नवऱ्याकडे पाहिलं. "अजी, हा त आपल्या पेटीवरचा पंखा हाये."

आनंदरावांनी हातातल्या कागदांकडे पाहिलं.

"ज्यानं झालं तेच परत देऊन राहिले का मले?" तुळसाबाईंनी विचारलं. आवाज चढवला नव्हता. "अन् तुमी शेक म्हनून आनलं." त्या मागे फिरल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या. दीपमाला रडली, तिने समजावलं, ती रागावली. त्या एकच म्हणाल्या, "मले सानगडीले सोडून द्या."

मशीनवर काम करणारा संघपाल नावाचा तरुण भंडाऱ्याचाच होता. तो आनंदरावांपाशी आला. "काका, काकू काहून गेल्या?" आनंदरावांनी त्याला पेटीचं सांगितलं. संघपाल आधी हसला, मग त्यांचा चेहरा पाहून गप्प झाला. "हे चिन्ह फोनाच्या पेटीवर? काका, हे आमच्या मशीनचं हाये, एक्सरेचं हाये. फोनाचे किरन फार त अंग जरासं गरम करतील, आतलं काई तोडू नाई शकत. हे तोडतात. म्हनून त मोजून देतो, नेमक्या जागी देतो, अन् देताना आमी खोलीच्या बाहेर जातो. फोन अन् हे, दोन्हीले रेडिएशन म्हनतात खरं. पन नाव येक असलं म्हनून काय झालं?" त्याने बोटावर दिवस मोजले. "सोमवारपर्यंत आना त्याइले. लय उशीर झाला त ऑपरेशन वाया जाईल."

नाव एक. आनंदरावांना सासऱ्याचा ठसका आठवला. पण त्यांना हसू आलं नाही.

गावी आल्यावर चार दिवस तुळसाबाईंनी विषय काढू दिला नाही. मोहरीची भाजी निवडली, कोंबड्यांना दाणे टाकले, उजव्या हाताने अंगण झाडलं. आनंदराव मागे मागे फिरत होते. त्यांनी कात्रणं काढली, डॉक्टरांचा कागद वाचून दाखवला, संघपालचं सगळं सांगितलं. त्या म्हणायच्या, "तुमी पाच वर्षं येक सांगतलं. आता चार दिवसात दुसरं सांगून राहिले. मी कोनतं धरू?"

रविवारी सकाळी शकुनबाई आल्या. सवयीने पेटीत फोन ठेवला आणि ओट्यावरच उभ्या राहिल्या. आनंदरावांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "तुळसाबाई, येक सांग. मागच्या सालच्या रोवण्यात गाठ हाताले लागली. मी महिन्यातून दोनदा तुया घरी येत होती. मले काहून नाई सांगतलं?"

तुळसाबाई उन्हात बसल्या होत्या.

"सांगतलं असतं त तू दवाखान्यात नेली असती. दवाखान्यात नेली असती त यायले कळलं असतं." त्यांनी मानेने नवऱ्याकडे दाखवलं. "मंग यायनं विचारलं असतं, फोन कुठं ठेवत होती. मी ठेवत होती पोलक्यात. मीच त चुकली होती. मले वाटलं, मायाच हातानं ओढवून घेतलं, आता कोनत्या तोंडानं सांगू? म्हटलं जिरन आपोआप. रोज सकाळी हात लावून पाहो, लहान झाली का म्हनून." त्यांनी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला. "अन् कळल्यावर यायनं तेच विचारलं. विहारात सगळ्यायसमोर सांगतलं."

शकुनबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या.

आनंदराव ओट्याच्या खांबाला धरून उभे होते. छत्तीस वर्षं ते माणसांना धोक्यापासून वाचवायचा पगार घेत आले होते. फॅक्टरीत कोणी चूक केली की ते आधी सांगत, 'घाबरू नको, पहिलं सांग काय झालं', कारण लपवलेली चूकच माणसं मारते, हे ते नव्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचे. घरी मात्र त्यांनी असं करून ठेवलं होतं की बायकोने आठ महिने गाठ लपवली. फोनने तिचं काही केलं की नाही हे डॉक्टरही सांगू शकत नव्हते. त्यांच्या पेटीने काय केलं, ते आता तिघांनाही कळलं होतं. ते तसेच, दोघी बाया समोर असताना, रडले.

मग त्यांनी आतून पटाशी आणली. पेटी भिंतीवरून उतरवून ओट्यावर ठेवली आणि झाकणावरचा रंग खरवडायला बसले. एक एक पातं निघत गेलं. रंग चांगल्या कंपनीचा होता, निघता निघत नव्हता.

"मी डाक्टरले विचारलं होतं," ते खरवडता खरवडता म्हणाले. "फोनमुळं झालं का म्हून. ते नाई म्हनाली. मी तुले सांगतलं नाई. मले वाटत होतं तिनं हो म्हनावं. मी खरा ठरलो असतो ना. तुयी काई चूक नाई, तुळसा. पोलक्यात फोन ठेवला म्हनून तुले झालं असं कोनीच म्हनत नाई. मीच येकटा म्हनत होतो." त्यांनी पटाशी झटकली. "हा पंखा तिथं त्या दारावरच खरा हाये. इथं तो मी उगाच काढला होता. मले ठाऊक होतं."

तुळसाबाई खरवडलेल्या पिवळ्या भुकटीकडे बघत होत्या.

"म्हनजे प्याची दारू नाई," त्या सावकाश म्हणाल्या.

"उडवाची हाये," आनंदराव म्हणाले. "जपून वापराची. पन वापरावंच लागन."

लग्नात ही गोष्ट सांगताना त्या हसायच्या. त्या दिवशी हसल्या नाहीत. पण संध्याकाळी त्यांनी पिशवी भरली.

सोमवारी तिघं पुन्हा त्या तळमजल्यावर बाकावर बसली होती. पुढे दोन पेशंट होते. दीपमाला कागदांवर शिक्का घ्यायला गेली. तुळसाबाईंनी विचारलं, "अजी, येक सांगा. तवाच येऊन मी म्हटलं असतं, अशी गाठ हाये, अन् फोन मी पोलक्यात ठेवत होती. तुमाले राग आला असता का?"

'नाही' म्हणणं सोपं होतं. बाकावर बसलेल्या आजारी बायकोला कोण काय म्हणेल? आनंदरावांनी विचार केला, खराखुरा विचार केला.

"आला असता," ते म्हणाले.

तुळसाबाईंनी मान हलवली. "मंग मी बरोबरच भेली होती."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादा हिशोब जुळावा तसं त्या बोलल्या आणि ते शब्द आनंदरावांच्या काळजात रुतून बसले, ते आजतागायत तिथेच आहेत.

नाव पुकारलं. संघपाल दारात आला. "या काकू. गळ्यातलं काढून द्या काकांपाशी. फोन असन त तोबी."

तुळसाबाईंनी पोत काढली, कमरेच्या पिशवीतून आपला छोटा बटणांचा फोन काढला आणि दोन्ही नवऱ्याच्या ओंजळीत ठेवलं. मग हात पुढे करून तशाच उभ्या राहिल्या.

"काय?" आनंदराव म्हणाले.

"टोकन द्या ना. जमा केला म्हटल्यावर टोकन पायजे."

त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात नंबर एकचं टोकन होतं. पेटी उतरवताना त्यांनी ते एकच काढून घेतलं होतं, का ते त्यांनाही माहीत नव्हतं. कडी लवकर उघडेना. शेवटी तुळसाबाईंनीच ती उघडली, टोकन मुठीत घेतलं आणि त्या पंख्याखालून आत गेल्या.

संघपाल बाहेर आला, जाड दार हळूहळू बंद झालं आणि वरचा लाल दिवा लागला. आत त्या एकट्याच होत्या. आनंदरावांचा हात आपसूक दाराच्या चौकटीला लागला. आठ महिन्यांनी काय नेलं आणि काय ठेवलं, हे पंधरा वेळा ते दार उघडून मिटल्यावरही लगेच कळणार नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी तसं सांगूनच ठेवलं होतं. त्यांच्या हातात तिचा फोन होता, म्हणजे माणूस अजून आत होता. तो कुठे ठेवावा हे त्यांना सुचेना. मग त्यांनी तो शर्टाच्या वरच्या खिशात ठेवला, डाव्या बाजूला, आणि वरून हात धरून ते दिवा विझायची वाट बघत उभे राहिले.